अपडेट मारलं आणि लिनक्स उठेना

आत्याचा फोन सकाळी साडेसातला आला. ती कऱ्हाडला असते, निवृत्त शिक्षिका आहे. गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी ऐकून टाइप करायचं काम गेली तीन वर्षं तिच्या डेस्कटॉपवर चालू आहे. त्या मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) मीच टाकून दिलेलं.

"अरे, काल रात्री ते अपडेट आलं होतं, मी हो म्हटलं. आज चालू केलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबलंय. माझं सगळं गेलं का रे?"

काही गेलं नव्हतं. पण तीच मशीन तिने कोपऱ्यावरच्या दुकानात नेली असती, तर तिथे "फॉरमॅट मारावं लागेल" असं ऐकायला मिळालं असतं आणि मग खरोखरच सगळं गेलं असतं. मला हे पोटतिडकीने सांगायचं आहे, कारण अशी फॉरमॅट मारलेली मशीन्स मी पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी तासाभरात जशीच्या तशी उभी राहिली असती.

अपडेट बदलतं ते कर्नल (सिस्टीमचा गाभा), ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारे प्रोग्रॅम), बूटलोडर (सिस्टीमला उठवणारा छोटा प्रोग्रॅम) आणि सिस्टीमचे इतर प्रोग्रॅम. तुमचे फोटो, पत्रं, हिशेब असतात होम फोल्डरमध्ये, आणि तिथे अपडेट हात घालत नाही. त्यामुळे मशीन उठेना की बहुतेक वेळा बिघाड असतो सुरू होण्याच्या साखळीतल्या एखाद्या कडीत. ती कडी कोणती, हे पडदाच सांगतो. म्हणून आधी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. बटण पुन्हा पुन्हा दाबून बघण्याआधी हे करा.

ही साखळी अशी. बटण दाबलं की मदरबोर्डवरच कायमचा बसवलेला यूईएफआय नावाचा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या मशीनवर बायोस. तो डिस्कवरचा बूटलोडर शोधून चालू करतो. लिनक्सवर हा बूटलोडर बहुधा ग्रब असतो. ग्रब दोन फाइली मेमरीत आणतो, एक कर्नलची आणि दुसरी इनिट्रॅमएफएस नावाची, आणि कर्नलच्या हाती कारभार सोपवतो. कर्नल मुख्य डिस्क जोडून घेतो आणि सिस्टमडी या प्रोग्रॅमला उठवतो. सिस्टमडी मग नेटवर्क, आवाज, प्रिंटर आणि शेवटी लॉगिनचा पडदा उभा करतं. पालखीचे भोई चालता चालता खांदा बदलतात, तसा प्रत्येक टप्पा पुढच्याला खांदा देऊन बाजूला होतो. पालखी कुठे टेकली हे दिसलं की कुणाचा खांदा निसटला ते कळतं.

यातली इनिट्रॅमएफएस ही फाइल जरा समजून घेण्यासारखी आहे, कारण आत्याचं घोडं तिथेच अडलं होतं. जगात डिस्कचे, कंट्रोलरचे, फाइलसिस्टीमचे (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) शेकडो प्रकार. त्या सगळ्यांचे ड्रायव्हर कर्नलच्या फाइलीत कोंबलेले नसतात, ते मुख्य डिस्कवर वेगळे ठेवलेले असतात. पण ती डिस्क वाचायलाच ड्रायव्हर लागतो! हा पेच सोडवायला कर्नलला निघताना शिदोरी बांधून देतात. मुख्य डिस्कपर्यंत पोचण्यापुरते ड्रायव्हर आणि चार छोटी अवजारं, बस्स. ती शिदोरी म्हणजे इनिट्रॅमएफएस. प्रत्येक कर्नलची शिदोरी वेगळी, आणि नवा कर्नल आला की अपडेटच्या वेळी ती नव्याने बांधली जाते.

आत्याने फोटो पाठवला. शेवटची ठळक ओळ होती: "कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)". वाचायला भयंकर, पण अर्थ साधा आहे. मुख्य डिस्क कोणती हेच कर्नलला उमगलेलं नाही. ग्रबने कर्नलला उठवलं, पण हातात शिदोरी दिली नाही. म्हणजे नव्या कर्नलची इनिट्रॅमएफएस एक तर बनलीच नाही किंवा अर्धवट राहिली. ग्रबपर्यंत सगळं शाबूत, डिस्क शाबूत, आत्याच्या आठवणीही शाबूत.

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे जुना कर्नल. उबंटू, मिंट, डेबियन या लिनक्सच्या वितरणांवर (म्हणजे वेगवेगळ्या रूपांवर) नवा कर्नल आला तरी आधीचा लगेच पुसला जात नाही. फेडोरा तर तीन कर्नल ठेवतं. कालपर्यंत ज्या कर्नलवर मशीन चालत होतं तो त्याच्या शिदोरीसकट तिथेच असतो, फक्त निवडायचा असतो. आर्च लिनक्सवर मात्र एका कर्नल पॅकेजची एकच आवृत्ती राहते, नवी आली की जुनी जाते. म्हणून आर्च वापरणाऱ्यांनी नेहमीच्या कर्नलसोबत एलटीएस (जास्त काळ सांभाळला जाणारा) कर्नलही टाकून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

"आत्या, मशीन बंद कर. आता चालू केल्याबरोबर शिफ्ट दाबून धर."

"डावं की उजवं?"

"कुठलंही. सोडू नकोस."

"आलं काहीतरी. चार-पाच ओळी आहेत."

"दुसरी ओळ. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. बाणाने खाली जा, एंटर दाब. आता कर्नलची यादी दिसेल. सगळ्यात वरचा नको, त्याच्या खालचा घे. कंसात रिकव्हरी मोड लिहिलंय तो नको."

मिनिटभर शांतता, आणि मग मिंटच्या लॉगिनचा आवाज फोनवरून मलाही ऐकू आला.

शिफ्टची युक्ती जुन्या बायोसच्या मशीनवर चालते. यूईएफआय असलेल्या नव्या लॅपटॉपवर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदा दाबायचं. ते जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूऐवजी नुसता "ग्रब" असा प्रॉम्प्ट (कमांडची वाट पाहणारी ओळ) येतो. तिथे "नॉर्मल" टाइप करून एंटर दाबलं की मेनू परत येतो. (या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. मशीनवर त्या लहान रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

जुन्या कर्नलवर काम चालू राहतं, पण आजार तसाच असतो. शनिवारी मी कऱ्हाडला गेलो. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून "डीएफ -एच /बूट" दिलं, आणि उत्तर समोर आलं: वापर १०० टक्के. मशीन बसवताना मी /बूटसाठी, म्हणजे कर्नल आणि शिदोऱ्या जिथे राहतात त्या फोल्डरसाठी, ५०० एमबीचं वेगळं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) केलं होतं. एका कर्नलची फाइल साधारण दहा-पंधरा एमबी, पण त्याची शिदोरी ७० एमबीपासून शंभरच्या वर कितीही. चार-पाच कर्नल साठले की जागा संपली. नवा कर्नल कसाबसा मावला, शिदोरी बांधायला जागाच उरली नाही. ग्रबच्या यादीत मात्र नव्या कर्नलचं नाव सगळ्यात वर चढलं.

मग आधी "युनेम -आर" देऊन आत्ता कोणता कर्नल चालू आहे ते पाहिलं, कारण तो चुकूनही काढायचा नाही. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स म्हणून खिडकी आहे, तिथून सगळ्यात जुने दोन काढले. अर्धवट राहिलेलं काम "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए"ने पुरं केलं, "सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के" आणि पुढे नव्या कर्नलचा आकडा देऊन शिदोरी बांधली, "सुडो अपडेट-ग्रब"ने यादी ताजी केली. चहा निवायच्या आत झालं. त्याच अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये जुने कर्नल आपोआप काढण्याची सोय आहे, तिथे खूण करून टाकली. फाइल मॅनेजरमधून /बूटमध्ये शिरून फाइली हाताने पुसायचा मोह मात्र टाळा. सिस्टीमच्या वहीत त्या कर्नलची नोंद तशीच राहते आणि पुढच्या अपडेटला नवा गुंता होतो.

जागा भरली नसतानाही हाच एरर येऊ शकतो. आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे अपडेट चालू असताना लाइट जाते आणि डेस्कटॉपला यूपीएस नसतो. शिदोरी अर्धी बांधून राहते. उपाय वरचाच, जागा मोकळी करायचा भाग सोडून.

आता एक गोष्ट, जी भले भले विसरतात. अपडेटनंतर बिघडलं म्हणजे अपडेटनेच बिघडवलं असं नाही. लिनक्स मशीन कित्येक जण महिनोन् महिने रीस्टार्ट करत नाहीत. लॅपटॉप नुसता मिटतात आणि उघडतात. त्या काळात कुणी जुनी हार्ड डिस्क काढलेली असते, कुणी पार्टिशन फॉरमॅट केलेलं असतं. चालू मशीनला त्याचा पत्ता नसतो. मग कर्नल अपडेट येतं, रीस्टार्ट होतं आणि दोन महिन्यांपूर्वीची चूक आज पडद्यावर येते. बोल लागतो अपडेटला.

याचं ठरलेलं रूप आहे. "अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर" अशी ओळ येते, पुढे सेकंद मोजले जातात, दीड मिनिट जातं, आणि "यू आर इन इमर्जन्सी मोड" असा मजकूर येतो. हे दिसलं तर पालखी जवळजवळ दारात पोचली आहे. ग्रब ठीक, कर्नल ठीक, मुख्य डिस्कही सापडली आहे. सिस्टमडी अडलंय ते एखाद्या दुसऱ्या डिस्कसाठी. कोणत्या डिस्का कुठे जोडायच्या याची यादी /ईटीसी/एफएसटॅब या फाइलीत असते, आणि तिथे लिहिलेली डिस्क आता जागेवर नाही. प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी हा लांबलचक ओळखक्रमांक असतो. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की तो बदलतो आणि यादीतला जुना क्रमांक निरुपयोगी होतो.

इमर्जन्सी मोडमध्ये पासवर्ड देऊन किंवा नुसतं एंटर दाबून आत जाता येतं. "एलएसबीएलके -एफ" दिलं की खरोखर असलेल्या पार्टिशनांचे क्रमांक दिसतात. ते एफएसटॅबशी ताडून बघा. जी ओळ जुळत नाही तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका, म्हणजे ती ओळ वाचलीच जाणार नाही. फाइल सेव्ह होत नसेल तर डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली आहे. आधी "माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /" द्या. बाहेरच्या किंवा जादाच्या डिस्कच्या ओळीत "नोफेल" हा शब्द घालून ठेवला, तर ती डिस्क नसली तरी मशीन अडून बसत नाही. हा एक शब्द मी घरातल्या प्रत्येक मशीनवर घातला आहे.

पडद्यावर कंसात "इनिट्रॅमएफएस" असा प्रॉम्प्ट आला तर वेगळी गोष्ट. शिदोरी मिळाली, पण मुख्य डिस्क दिसली नाही किंवा तिची फाइलसिस्टीम खराब निघाली. "एफएससीके" (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा असं पडद्यावरच लिहिलेलं असेल तर पार्टिशनचं नाव देऊन ती चालवा. लाइट गेल्यामुळे झालेली पडझड बहुतेकदा त्यात भरून येते. पण ओळींमध्ये "आय/ओ एरर" पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तिथेच थांबा. ती डिस्क मरायला टेकलेली असू शकते. दुरुस्तीच्या प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी झिजेल. आधी पेन ड्राइव्हवरून बूट करून डेटा दुसरीकडे उतरवा, बाकीचं नंतर.

त्याच्याही आधी, "ग्रब रेस्क्यू" या दोन शब्दांवर मशीन थांबलं तर कर्नलपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. याचं २०२० सालचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस ग्रबमधली बूटहोल नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली आणि मोठ्या वितरणांनी दुरुस्ती घाईने सोडली. रेड हॅट आणि सेंटओएसची कित्येक मशीन्स ते अपडेट घेतल्यावर उठेनाशी झाली. उबंटू-डेबियनवर काहींना "सिंबॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड" असा एरर आला, आणि त्याचं कारण आजही लागू पडतं. बायोसच्या मशीनवर ग्रब दोन तुकड्यांत राहतो. छोटा तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला, मोठा /बूट/ग्रब या फोल्डरमध्ये. अपडेट मोठा तुकडा बदलतं आणि छोटा तुकडा सिस्टीमने लक्षात ठेवलेल्या डिस्कवर लिहितं. तुम्ही मधल्या काळात जुनी हार्ड डिस्क काढून तिची नक्कल एसएसडीवर घेतली असेल, तर सिस्टीमच्या लक्षात जुनीच डिस्क असते. मग एक तुकडा जुना, एक नवा, आणि दोघांचं जमत नाही. नव्या डिस्कवर "ग्रब-इन्स्टॉल" चालवलं की दोन्ही तुकडे एका आवृत्तीचे होतात. मग "डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी" देऊन खरी डिस्क कोणती ते सिस्टीमला सांगून ठेवावं.

ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, असेल तर विंडोजचं अपडेटही लिनक्सला आडवं येऊ शकतं. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने तेच केलं. जुन्या, त्रुटी असलेल्या बूटलोडरना सिक्युअर बूटने (मान्य सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणाऱ्या यूईएफआयमधल्या सोयीने) उभं करू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने एक बंदीयादी मदरबोर्डच्या मेमरीत लिहिली. ड्युअल बूटच्या मशीनवर ती लागू होणार नाही असं म्हटलं होतं, पण अनेकांवर झाली. लिनक्स निवडलं की "व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" एवढं दाखवून मशीन बंद व्हायचं. इथे लिनक्सच्या एकाही फाइलीला धक्का लागलेला नव्हता. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये शिरून "सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट" द्यायचं, एकदा लिनक्स पुन्हा सुरू करून सगळी अपडेट घ्यायची आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं. त्याआधी एक खबरदारी घ्या. विंडोजला बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) लावलेलं असेल तर सिक्युअर बूटला हात लावताच ते रिकव्हरी की मागू शकतं. ती ४८ आकडी की आधी कागदावर उतरवून घ्या.

आणि नुसता काळा पडदा? ना अक्षरं, ना एरर. कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र उमटत नाही. हे बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचं, त्यातही एनव्हिडियाचं दुखणं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरांचा लॉगिन येतो का पाहा. नाही आला तर ग्रबच्या मेनूत ई दाबा, "लिनक्स" या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून "नोमोडसेट" लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. आत गेल्यावर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकावा. सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर तोच विचारतात. घाईत त्या निळ्या पडद्यावर कंटिन्यू बूट दाबलं की ड्रायव्हरची सही मान्य होत नाही आणि कर्नल त्याला घेत नाही. तिथे एनरोल मोक (सहीची किल्ली मशीनमध्ये नोंदवणं) निवडायचं असतं.

यातलं काहीच जमलं नाही तर लाइव्ह पेन ड्राइव्ह. त्यावरून बूट केलं की डिस्कला न दुखवता पूर्ण लिनक्स मिळतं, आणि तुमची आजारी सिस्टीम त्याच्या समोर पडलेली असते. मुख्य पार्टिशन /एमएनटी या फोल्डरवर माउंट करायचं, म्हणजे जोडायचं. /बूट आणि ईएफआयचं पार्टिशन वेगळं असेल तर तेही आपापल्या जागी जोडायचं. मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन हे चार फोल्डर "माउंट --बाइंड"ने आत जोडून "सुडो सीएचरूट /एमएनटी" द्यायचं. आता तुम्ही बाहेरच्या लिनक्सच्या खांद्यावर बसून आजारी सिस्टीमच्या आत आहात. इथून अर्धवट अपडेट पुरं करता येतं, शिदोरी बांधता येते, ग्रब पुन्हा बसवता येतो. आजारी सिस्टीम आणि पेन ड्राइव्हवरचं लिनक्स एकाच वितरणाचं असलं की त्रास कमी. आणि /बूट जोडायचं विसरू नका. विसरलात तर नवी शिदोरी भलत्याच फोल्डरमध्ये बांधली जाते आणि रीस्टार्टनंतर जैसे थे.

हा पेन ड्राइव्ह मशीन धडधाकट असतानाच बनवून ठेवावा लागतो. त्या शनिवारी निघण्याआधी मी आत्याला तो बनवून दिला आणि तिच्याकडूनच त्यावरून बूट करवून घेतलं. तिने फाइल मॅनेजरमध्ये आपली डिस्क उघडली. फोल्डरवर कुलपाची खूण दिसली तेव्हा राइट क्लिक करून ओपन अ‍ॅज रूट निवडलं. मग "आठवणी" नावाच्या फोल्डरमध्ये शिरून एकेका बाईचं नाव वाचत ती खालपर्यंत गेली. सगळ्या होत्या.